उसावरचं मेण, ट्रकवरचं मेण

गळीत हंगाम ऐन भरात आला की हातकणंगले तालुक्यातल्या साखर कारखान्यांच्या यार्डात गाड्यांच्या रांगा लागतात. हुपरीचा जवाहर असो की नरंद्याचा शरद, नंबराला थांबलेल्या त्या रांगेत एकाही ट्रकचा मूळ रंग धड ओळखू येत नाही. चाकांवर आणि मडगार्डवर शेतातल्या काळ्या चिखलाच्या खपल्या. फाळक्याच्या फटींतून ओघळलेला उसाचा रस आणि त्याला चिकटलेली धूळ. केबिनच्या टपावर चिमणीतून उडून आलेली काजळी. मागच्या अंगाला धुराचा तेलकट थर. गाडी मधल्या काळात पुलाच्या शिरोलीत, औद्योगिक वसाहतीत माल उतरवून आली असेल तर फाउंड्र्यांच्या लोखंडी धुळीचीही त्यात भर.

ही सगळी घाण निघते ती बहुतेकदा एकदाच, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. ट्रक दारात घ्यायचा, पाईप सोडायचा, कपडे धुण्याची पावडर बादलीत कालवायची आणि खराटा किंवा काथ्या घेऊन खसाखसा घासायचं. शेवटी फडक्यावर थोडं डिझेल घेऊन केबिनवरून हात फिरवला की गाडी लखलखते. हार चढतो, नारळ फुटतो, फोटो निघतात. चार दिवसांनी बघावं तर तीच गाडी आधीपेक्षा कळकट. डिझेल पूर्ण उडून जात नाही, त्याचा पातळ चिकट थर मागे राहतो आणि रस्त्यावरची धूळ त्यावर नेमाने बसते.

ट्रकच्या रंगाचं नुकसान ऊन करतं, रस्ता करतो, खडी उडून करते, हे खरंच. पण त्यातलं बरंच आपण स्वतः, आपल्या दारात, पुण्यकर्म समजून करतो. घरी हाताने ट्रक धुणं आणि त्याला मेण, म्हणजे दुकानात वॅक्स म्हणून मिळतं ते, लावणं हे काम अवघड नाही. त्याला महागडं सामानही लागत नाही. लागते ती घाण कशाची आहे एवढी समज.

चिखलापासून सुरुवात करू. वारणा आणि पंचगंगा यांच्या मधला हा पट्टा काळ्या मातीचा. ही माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची झीज होऊन तयार झालेली. तिच्यातली चिकणमाती मऊ असते, पण तिच्यात खडकाचे न झिजलेले कणही असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची एक ते दहा अशी मोहस मोजपट्टी आहे. तिच्यावर बेसॉल्टमधलं फेल्डस्पार सहाच्या घरात येतं, पायरॉक्सिन पाच ते सहाच्या मध्ये, आणि वाळूतलं क्वार्ट्‌झ सातवर. गाडीचा रंग म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिक. या कणांपुढे त्याचा निभाव लागत नाही. वाळलेल्या चिखलावरून फडकं फिरवलं की आपण हातात पॉलिश पेपरच धरलेला असतो.

कारखान्याची काजळी त्याहून फसवी. दिसायला मऊ, बोटाला लागली तर काळा डाग, म्हणून लोक ती कोरड्या फडक्याने झटकतात. पण बॉयलरमध्ये जळतं ते बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड. ऊस जमिनीतून भरपूर सिलिका शोषून घेतो. चिपाड जळून गेलं तरी सिलिका राखेत उरते. वाळूचा जो मूळ पदार्थ, तोच. टपावरची काजळी कोरडी पुसणं म्हणजे टपावर बारीक वाळू घासणं.

याचा पुरावा बघायचा असेल तर धुतलेल्या केबिनच्या गडद रंगाच्या भागावर संध्याकाळी टॉर्च मारून पाहा. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेषांची नक्षी दिसते. बघणारा म्हणतो, हात गोल फिरवला म्हणून चरे गोल पडले. तसं नसतं. टॉर्च सरकवला की ते गोलही त्याच्याबरोबर सरकतात. चरे सगळ्या दिशांना वेडेवाकडे, बहुतेक सरळच असतात. त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात आणि डोळ्याला वर्तुळाचा भास होतो. याच हजारो चऱ्यांमुळे उजेड नीट परावर्तित न होता विखुरतो आणि गाडी निस्तेज दिसते. बऱ्याच वेळा ‘रंग उडाला’ म्हणतो तेव्हा रंग जागेवरच असतो, त्याच्यावरचा गुळगुळीतपणा गेलेला असतो.

आता हा रंग किती जाड असतो? कंपनीतून आलेल्या केबिनच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि बहुतेक वेळा वरून पारदर्शक लाखेसारखा क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसापेक्षा पातळ पडद्यावर उभी आहे. हौद्याची गोष्ट वेगळी. हौदा बहुतेक वेळा बॉडी बिल्डरकडे बांधलेला, तिथेच स्प्रेने रंगवलेला, भट्टीत न भाजलेला. त्याच्यावर क्लिअर कोट नसण्याचीच शक्यता जास्त. फरक ओळखायची सोपी खूण आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्याला रंग लागला तर तो उघडा एनॅमल आहे. उघड्या एनॅमलवर उन्हाचा मारा होऊन वरचा थर खडूसारखा भुकटा होतो, लाल रंग गुलाबट पडतो. तिथे जपून वागावं लागतं, विशेषतः पेंटरने हाताने काढलेली अक्षरं, देवाचं नाव, मोर, कमळं असतील तिथे. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, पण बाकीची चित्रकला अजून जिवंत आहे, आणि रबिंग कंपाऊंडचा एक जोरकस हात मोराचा पिसारा साफ करायला पुरेसा होतो.

धुण्याआधी पाण्याचा विचार करावा लागतो. हा भाग पाण्याने श्रीमंत म्हणून ओळखला जातो, आणि त्या श्रीमंतीचेच दोन चटके आहेत. वर्षानुवर्षं उसाला पाट भरून पाणी पाजल्याने शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत जमिनी क्षारपड झाल्या, आणि अशा भागात बोअरचं पाणीही जड लागतं. असं पाणी गरम पत्र्यावर वाळलं की पांढरे ठिपके उरतात. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. ताजे असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसले की निघतात. जुने झाले की उन्हात तापून रंगात खड्डा पाडून बसतात. म्हणून धुणं सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना. एक भाग धुतला की तो वाळायच्या आत पुसून घ्यायचा.

घरोघरी बसलेल्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरा, असा सल्ला हल्ली सगळीकडे ऐकू येतो. अर्धाच बरोबर आहे. फिल्टरने पाण्यातले क्षार वेगळे काढून ज्या पाण्यात सोडलेले असतात तेच हे पाणी, तेव्हा त्यात क्षार मूळच्यापेक्षा जास्त. चाकं, मडगार्ड, हौद्याचा तळ यांची पहिली घाण काढायला ते चालेल. केबिनवर शेवटचा हात मारायला अजिबात नाही. त्या शेवटच्या हातासाठी पन्हाळीतून पिंपात धरलेलं पावसाचं पाणी उत्तम. खंडेनवमी येते तोवर पावसाळा सरत आलेला असतो आणि पिंप भरलेलं असतं.

दुसरा चटका पाण्याच्या टंचाईचा. बागायतीच्या या पट्ट्यातच इचलकरंजीसारख्या शहराला पिण्याचं पाणी वारणेतून आणायचं की दूधगंगेतून, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. अशा ठिकाणी नळाचा पाईप तासभर मोकळा सोडून ट्रक धुणं शोभत नाही. हिशोब साधा आहे. घरगुती नळाच्या पाईपमधून मिनिटाला १२ ते १५ लिटर पाणी जातं. पाऊण तास पाईप चालू राहिला तर ६०० लिटरच्या आसपास. आधी फवारा मारून घाण भिजवायची, पाईप बंद करायचा, बादल्यांनी धुवायचं आणि परत फवारा मारायचा, असं केलं तर दहा टायरी ट्रकही दोनशे लिटरच्या आतबाहेर निघतो. उच्च दाबाचा घरगुती पंप मिनिटाला सहा-आठ लिटरच घेतो, म्हणून पाण्याच्या दृष्टीने तो चांगला. त्याचे धोके पुढे येतील.

साबणाबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. त्याचं पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं. कॉलरचा मळ काढायला ते हवंच असतं. पण त्याच गुणाने ते गाडीवरचं मेण धुऊन नेतं, रबराच्या बीडिंगा कोरड्या पाडतं, ॲल्युमिनियमवर पांढरे डाग पाडतं. भांड्यांचा लिक्विड साबण त्यामानाने सौम्य, तरी तेल काढणं हेच त्याचं काम, आणि मेण त्याच्या लेखी तेलच. मेण लावायच्या आधी जुना तेलकट थर पूर्ण काढायचा असेल तर तो एकदा मुद्दाम वापरावा. एरवी गाडीचा शाम्पू घ्यावा. पाच लिटरचा कॅन घेतला तर ट्रकवाल्याला परवडतो, कारण बादलीला लागतो टोपणभर. साबणाचं खरं काम घाण खाणं नसून घसरण तयार करणं आहे. मातीचा कण आणि रंग यांच्यामध्ये ओलसर गुळगुळीत थर आला की कण चरा न पाडता सुटून येतो.

धुण्याचा क्रम लोक उलटा करतात. चाकं सर्वांत घाण, म्हणून ती शेवटी. खरं तर चाकं, मडगार्ड आणि चासी आधी उरकावीत, वेगळी बादली आणि वेगळा ब्रश घेऊन, म्हणजे तो चिखल नंतर धुतलेल्या केबिनवर उडत नाही. ती फडकी आणि तो ब्रश पुन्हा वर न्यायचाच नाही. मग पूर्ण गाडीवर फवारा मारून दहा मिनिटं थांबायचं. हे थांबणं म्हणजे आळस नव्हे, कामाचाच भाग आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि आपोआप खपल्यांनी सुटते. उसाचा रस म्हणजे साखर. त्याला साबण लागतच नाही, कोमट पाण्याने विरघळतो. मात्र तो फटीत राहिला तर आंबतो, आम्ल तयार होतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो. म्हणून फाळक्याचे बिजागर, साखळ्यांची कडी, हौद्याच्या कोपऱ्यातले सांधे इथे पाणी जरा जास्त वेळ खेळवावं. हौद्यात राहिलेलं पाचट आधी कोरडंच झाडून काढावं. ओलं झालं की ते पाण्याची भोकं बुजवतं.

मग वरून खाली. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा किंवा जाड मऊ फडकं शाम्पूत बुडवायचं, टपाचा हातभर भाग धुवायचा, आणि परत शाम्पूत बुडवायच्या आधी ते साध्या पाण्याच्या बादलीत खळखळून पिळायचं. ही दुसरी बादली म्हणजे या सगळ्या विद्येचं सार. काम संपल्यावर तिच्या तळाशी हात घालून बघावा. काळा रवाळ गाळ बोटांना लागतो. एकाच बादलीने धुतलं असतं तर तो सगळा रवा केबिनवर फिरला असता. हात सरळ रेषेत फिरवावा, दाब टाकू नये. फडकं जमिनीवर पडलं तर कितीही झटकलं तरी त्या दिवशी ते चाकांचं फडकं.

टपावर पोचण्यासाठी ओल्या बंपरवर पाय देऊन आरशाला लटकणारे क्लीनर सगळ्यांनी पाहिलेत. पेंटर लोकांकडे असतो तसा घोडा भाड्याने मिळतो, तो घ्यावा. दारावरून विजेची तार गेली असेल तर गाडी आधी पुढे-मागे घ्यावी. हातात पाईप घेऊन हौद्यावर चढलेला माणूस आणि तार यांच्यातलं अंतर खालून वाटतं त्यापेक्षा कमी असतं. दाबाचा पंप लावत असाल तर अर्थिंग असलेला प्लग हवा, उघड्या वायरीचा जुगाड नको.

त्या पंपाचा झोत घरगुती यंत्रातही १०० बारच्या वर असतो. फूट-दीड फूट अंतरावरून, पसरट फवाऱ्याने त्याचं काम झकास होतं. पण तोच झोत हबच्या सीलवर, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, अल्टरनेटरवर, वायरिंगच्या सॉकेटवर जवळून मारला तर पाणी आत घुसतं आणि ग्रीस बाहेर पडतं. रेडिएटरच्या पातळ पत्र्या आडव्या पडतात. टायरच्या बाजूच्या भिंतीलाही जवळचा झोत इजा करतो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर जागोजागी आहेत, त्यामुळे इंजिनावर पाणी मारायची जुनी सवय आता खिशाला जड जाते. याच गाड्यांना डीईएफची टाकी असते, ड्रायव्हर मंडळी तिला युरियाची टाकी म्हणतात. तिच्या निळ्या झाकणाभोवती पांढरे खडे साचलेले दिसतील. तो वाळलेला युरिया. घासायची गरज नाही, साध्या ओल्या फडक्याने विरघळतो. झाकण मात्र उघडण्याआधी पुसावं. मातीचा कण टाकीत गेला तर पुढची दुरुस्ती महागाची असते.

चासीला जळकं ऑईल चोपडण्याची पद्धत अजून आहे. गंज थोडा थांबतो, हे कबूल. पण त्याच्यावर धूळ बसून लगदा होतो, पाट्यांची रबरी बुशं फुगतात, आणि चुकून ब्रेक ड्रमवर गेलं तर जिवाशी गाठ. धुऊन, वाळवून, गंज खरवडून काळा चासी पेंट मारलेला कधीही बरा. आणि धुतल्यानंतर सगळ्या निपलांना ग्रीस. पाण्याने उघडे पडलेले सांधे दोन दिवस तसेच चालवले की झीज सुरू झालीच. ब्रेकचे ड्रमही ओले असतात, तेव्हा दारातून निघाल्यावर आधी सावकाश चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबून ते वाळवून घ्यावेत.

पुराची धुलाई हा इथला खास विषय. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आलं, वाहतूक बंद पडली आणि ट्रकांच्या रांगा दिवसेंदिवस अडकून राहिल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पुराचा गाळ फार बारीक असतो आणि वाळला की सिमेंटसारखा बसतो. तो ओला असतानाच कमी दाबाच्या भरपूर पाण्याने काढायचा. गाडी पाण्यात बुडाली असेल तर बाहेरचा रंग ही सगळ्यात शेवटची काळजी; आधी हब, गिअरबॉक्स आणि क्राऊनचं ऑईल बघायचं. ते ताकासारखं दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे.

धुऊन झाल्यावर तळहात हलकेच केबिनवरून फिरवावा. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून फिरवला तर जास्त कळतं. गुळगुळीत लागलं तर ठीक. खरखरीत लागलं तर रंगात काहीतरी रुतलंय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या फाउंड्रीच्या वसाहतींत ये-जा करणाऱ्या पांढऱ्या केबिनवर हे हमखास दिसतं. ओतकामातून आणि ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण रंगात घुसतात, तिथेच गंजतात आणि तांबूस ठिपके पडतात. घासून ते जात नाहीत. त्यासाठी लोखंड विरघळवणारा फवारा मिळतो, तो कणांवर पडला की जांभळा रंग धरून ओघळतो. किंवा क्ले बार नावाची चिकणमातीसारखी वडी भरपूर साबणपाण्यावरून हळू फिरवायची, ती रुतलेले कण उपटून घेते. डांबराचे डाग मात्र फडक्याच्या टोकाला रॉकेल किंवा डिझेल घेऊन तेवढ्या ठिकाणीच पुसावेत आणि लगेच शाम्पूने धुवावेत. डिझेलचा गाडी धुण्यात एवढाच काय तो उपयोग.

आणि आता मेण.

ऊस हातात घेऊन पेराच्या जरा खाली नखाने खरवडला तर पांढरी भुकटी निघते. ते मेणच. आपल्यातलं पाणी उन्हात उडून जाऊ नये, पावसाचं पाणी अंगावर मुरू नये, बुरशी धरू नये, म्हणून ऊस ते स्वतःच तयार करतो. गाळपात हे मेण रसात उतरतं आणि रस निवळताना त्यातलं बरंचसं प्रेसमडमध्ये, म्हणजे खाली उरणाऱ्या गाळात जातं. प्रेसमडमधून मेण काढण्याचे उद्योग जगात झालेले आहेत आणि पॉलिशमध्ये ते वापरलंही गेलंय. आपल्याकडे मात्र प्रेसमड खत म्हणून शेतात जातो, त्यामुळे दर हंगामात ट्रकच्या उपयोगाचं मेण ट्रकमधूनच निघून परत उसाच्या बुडाशी पडतं. मला यातली गंमत फार आवडते.

बाजारात डबीवर ज्याचं नाव असतं ते कार्नौबा वॅक्सही असंच झाडाच्या अंगावरचं. ब्राझीलच्या ईशान्येला, सिआरा आणि पियाउई या कोरड्या प्रांतांत एक ताड वाढतो. त्याच्या पानांवर मेणाचा जाड थर असतो. पानं तोडून उन्हात वाळवतात, झोडपतात, आणि झडलेली भुकटी वितळवून गाळतात. या मेणाला भाव येण्याचं कारण त्याच्या वितळण्याच्या तापमानात आहे. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. एप्रिलच्या दुपारी गडद रंगाचा टप ७० अंशांपर्यंत तापू शकतो, तेव्हा मधमाश्यांचं मेण तिथे पातळ होऊन धूळ गोळा करणार. कार्नौबा ८२ ते ८६ अंशांपर्यंत टिकाव धरतो. पण नुसता कार्नौबा दगडासारखा कडक असतो, म्हणून तो द्रावकात आणि दुसऱ्या मऊ मेणांत मिसळून डबीत भरतात. कृत्रिम पॉलिमरचे सीलंटही मिळतात. मेण धंद्याच्या गाडीवर महिना-दोन महिने टिकतं, सीलंट चार-सहा महिने. ट्रकवाल्याने भावनेत न अडकता सीलंट घ्यावं, असं माझं मत. कार्नौबाची ओलसर, खोल चकाकी शोरूमच्या मोटारीला शोभते. यार्डात रात्र काढणाऱ्या केबिनला टिकाऊपणा महत्त्वाचा.

मेण चरे भरत नाही, गंज थांबवत नाही, आणि गेलेला रंग परत आणत नाही. ते फक्त एक अतिशय पातळ थर देतं, ज्याला पाणी आणि घाण घट्ट धरू शकत नाहीत. चरे कमी करायचं काम रबिंग कंपाऊंडचं, आणि तो रंगाचा थर कापून ते करतो. ३५ मायक्रॉनच्या ठेवीतून दर दसऱ्याला रक्कम काढत राहिलं तर खातं किती वर्षं चालेल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

लावायची रीत साधी आहे, पण घाई चालत नाही. गाडी पूर्ण वाळलेली हवी. आरशाच्या मागे, बिजागरीत, वायपरखाली लपलेलं पाणी उतरून यायला अर्धा तास लागतो. पत्रा गार हवा. ओलसर स्पंजवर सुपारीएवढं मेण घ्यायचं आणि एका दाराएवढ्या भागावर इतकं पातळ पसरायचं की ते दिसलं न दिसलं. जाड थपथपून काहीच फायदा नाही, जास्तीचं सगळं पुसूनच टाकायचं असतं. काही मिनिटांनी त्याच्यावर धुकं धरल्यासारखी पांढरट झाक येते. बोट ओढून बघावं. खाली स्वच्छ रंग दिसला तर तयार. बोटाला ओढल्यासारखं लागलं तर अजून थांबायचं. मग कोरड्या मायक्रोफायबरने, बाजू बदलत बदलत पुसायचं. केबिनला दोन माणसांना निवांत दोन-तीन तास पुरतात. मेण लागलंय की नाही हे पाण्याचा शिडकावा सांगतो. थेंब गोळी होऊन घरंगळले तर थर आहे. पाणी चादरीसारखं पसरून बसलं तर तो भाग राहिला.

काही जागी मेण लावूच नये. समोरच्या काचेवर लावलं तर वायपर थरथरतो आणि रात्री समोरच्या दिव्याचा झोत काचेवर फाकतो. बंपरच्या खरखरीत काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग पडतात. पायरीवर, हँडलवर लागलं तर चढणाऱ्याचा पाय घसरतो. आणि नव्याने रंगवलेल्या हौद्यावर तर नाहीच. भट्टीत न भाजलेला रंग वरून वाळला तरी आतलं थिनर पुढचे दोन-तीन महिने हळूहळू बाहेर पडत असतं. दसऱ्याला रंग मारून त्याच आठवड्यात मेणाने तोंड बंद केलं की रंग आतून मऊच राहतो. त्याला पहिलं मेण थेट हंगाम संपल्यावर, वळवाच्या पावसाआधी.

धुतलेलं पाणी जातं कुठे, याकडे फार कमी लोक बघतात. नदीच्या घाटावर किंवा ओढ्यात गाडी उतरवून धुण्याची सवय जुनी. नदी-ओढ्यात दूषित पदार्थ सोडण्याला १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा मनाई करतो. कायदा बाजूला ठेवला तरी पंचगंगेच्या प्रदूषणावर बोलताना फक्त कारखाने आणि सांडपाण्याकडे बोट दाखवायचं आणि आपल्या ट्रकचं ऑईल तिच्यात सोडायचं, हे जमत नाही. घरी धुताना गाडी मुरुमाच्या जागेवर, विहीर आणि बोअरपासून लांब घ्यावी. ऑईल आणि ग्रीसचे लपके आधी चिंधीने पुसून वेगळे ठेवले तर उरलेलं मातकट पाणी दगड भरलेल्या शोषखड्ड्यात निमूट मुरतं.

आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी पासिंग असतं, आणि त्या आधी गाडी धुतली-रंगवली जातेच. हंगामात मात्र सगळं धुणं शक्य नसतं, आणि त्याची गरजही नसते. मेण लागलेलं असेल तर नुसत्या पाण्याचा फवारा बरंच काम करतो. वेळ फक्त पाच मिनिटांचा असेल तर तो टेललाईट, नंबर प्लेट आणि रिफ्लेक्टर टेपवर खर्च करावा. रात्री ऊस भरून संथ चाललेली गाडी मागच्याला दिसते ती या टेपमुळे, आणि पहिला चिखल बसतो तोही तिच्यावरच. टेपवर कंपाऊंड लावू नये, जवळून दाबाचा झोत मारू नये; कडा उचकटतात. फडकं ओलं हवं, कारण कोरड्या फडक्याने टेपवर चरे पडले की उजेड परत फेकण्याची तिची ताकद तेवढी घटते.